पहूरहून बालेवाडी किती दूर?

जळगावहून अजिंठ्याकडे जाणारा रस्ता पहूरवरून जातो. त्यामुळे पहूरच्या ग्रामस्थांना जग पाहण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. पेठेतल्या चहाच्या टपरीवर घटकाभर उभे राहिले, तरी जपानी, सिंहली, फ्रेंच पाहुण्यांच्या गाड्या समोरून फर्दापूरच्या दिशेने जाताना दिसतात. जी वाघूर नदी अजिंठ्याच्या लेण्यांच्या पायथ्याशी वळण घेते, तीच पुढे पहूरला येते. जगाने ज्या स्थळाला वारसा म्हणून मान दिला, त्याच्या वाटेवरचे हे गाव आहे. पेठ आणि कसबे अशा दोन पहूरांतून मुले रोज शाळेत जातात आणि हिवाळा सुरू झाला की त्या शाळांच्या सहली निघतात.

या सहलींचा मार्ग वर्षानुवर्षे ठरलेला आहे. शिवनेरी, रायगड, प्रतापगड, देहू, आळंदी, पुण्यात शनिवारवाडा आणि सिंहगड, आणि अलीकडे पोरांच्या हट्टापायी एखादे पाण्याच्या घसरगुंड्यांचे उद्यान. शेवटचे ठिकाण सोडले तर या यादीला नाव ठेवण्याजोगे काही नाही. मुलांनी गड पाहिलेच पाहिजेत, इंद्रायणीच्या काठी बसलेच पाहिजे. परंतु या यादीत एक जागा राहून जाते. मुंबईहून बंगळुरूकडे जाणाऱ्या महामार्गाने पुण्याला वळसा घालताना ती रस्त्यालगतच लागते. तिच्या नावातच शिवछत्रपती आहेत. म्हाळुंगे-बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल ही ती जागा होय.

एस.टी.च्या खिडकीतून मुले ते संकुल पाहतात, गुरुजी हात दाखवून नाव सांगतात आणि गाडी पुढे निघून जाते. येथे थांबण्यासारखे काय आहे, असा प्रश्न कोणी विचारील. लेणे नाही, देऊळ नाही, तोफ नाही. मोकळी मैदाने, कृत्रिम धावपट्टी, तरणतलाव, नेमबाजीचे केंद्र, कुस्ती आणि बॅडमिंटनची सभागृहे, टेनिसचे प्रेक्षागार असा सारा पसारा सुमारे दीडशे एकरांत पसरलेला. ज्याला आत काय घडले ते ठाऊक नाही, त्याला ती केवळ सिमेंटची बांधकामे वाटतील. अर्थात, ज्याला तानाजीची कथा ठाऊक नाही, त्याला सिंहगडसुद्धा दही-पिठल्याचा डोंगरच वाटतो.

या संकुलाचा जन्म १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी झाला. किल्लारीच्या भूकंपाला तेव्हा चार महिनेही पुरते झाले नव्हते. एका हाताने गाडलेली गावे उकरायची आणि दुसऱ्या हाताने देशभरच्या खेळाडूंचे स्वागत करायचे, अशी ती वेळ होती. त्या वेळी बालेवाडी हे पुण्याबाहेरचे शेतशिवार होते. आजच्या टोलेजंग इमारती, हिंजवडीकडे धावणारी संगणकक्षेत्राची वर्दळ, झगमगती उपाहारगृहे यांतले काही तेथे नव्हते. पुणेकरसुद्धा ‘एवढ्या लांब कोण जाणार’ असे म्हणत. पुण्याच्या माणसाला स्वारगेटच्या पलीकडे सारे लांबच असते, हा भाग वेगळा.

मग २००८ च्या ऑक्टोबरात राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धा येथे भरल्या. त्यासाठी संकुलाची नव्याने उभारणी झाली आणि देशोदेशींचे अठरा वर्षांच्या आतबाहेरचे खेळाडू येथे आले. त्या स्पर्धांत भारत ३३ सुवर्णपदकांसह पदकतालिकेत पहिला होता, ही गोष्ट आज किती घरांत सांगितली जाते? सायना नेहवालने येथेच सुवर्ण जिंकले. कोल्हापूरची राही सरनोबत ही शाळकरी वय नुकतेच मागे टाकलेली मुलगी येथेच पिस्तूल नेमबाजीत सुवर्णपदकाची मानकरी ठरली. त्याच राहीने पुढे २०१३ मध्ये कोरियातील चांगवॉन येथे विश्वचषकाचे सुवर्ण मिळवले आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धांत नेमबाजीचे सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय महिला होण्याचा मान पटकावला. पहूरच्या आठवीतल्या मुलीला शिक्षकांनी त्या केंद्रासमोर उभे करून एवढेच सांगितले तरी पुरे आहे. वृत्तपत्रातल्या छायाचित्रापेक्षा तिला ती जागा अधिक काळ स्मरणात राहील.

परंतु या संकुलाची खरी कथा स्वप्निल कुसाळेची आहे आणि ती थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. कोल्हापूर जिल्ह्याच्या राधानगरी तालुक्यात कांबळवाडी नावाचे लहान गाव आहे. वडील शिक्षक, आई गावची सरपंच. या मुलाला २००९ मध्ये वडिलांनी राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घातले. प्रबोधिनी म्हणजे काय, हे आपल्याकडच्या पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. गुणी मुलांना लहान वयात निवडून, त्यांच्या निवासाची, शाळेची आणि प्रशिक्षणाची सोय करणारी ही शासकीय व्यवस्था आहे. स्वप्निल नाशिकच्या प्रबोधिनीत नेमबाजीकडे वळला, पुढे रेल्वेत तिकीट तपासनीस झाला आणि बालेवाडीच्या नेमबाजी केंद्रावर वर्षानुवर्षे घाम गाळत राहिला. नेमबाजी हा टाळ्यांचा खेळ नव्हे. गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून, अशा तीन स्थितींत ५० मीटरवरच्या लक्ष्याचा वेध घ्यायचा, श्वास रोखायचा, हृदयाच्या दोन ठोक्यांमधली शांतता गाठायची आणि तेच तासन्‌तास करीत राहायचे. तेथे प्रेक्षक नसतात. असलेच तर कंटाळतात. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४५१.४ गुण मिळवून त्याने कांस्यपदक जिंकले, तेव्हा खाशाबा जाधवांनंतर वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवणारा तो दुसरा महाराष्ट्रीय खेळाडू ठरला. मधे ७२ वर्षे गेली होती.

ही ७२ वर्षे कशात गेली? १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी खाशाबांकडे पैसे नव्हते. गोळेश्वर आणि कराडच्या लोकांनी वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. पदक घेऊन खाशाबा परतले, तेव्हा कराड स्थानकापासून गोळेश्वरापर्यंत दीडशेवर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. समाजाने आपल्या परीने कर्तव्य केले होते. पुढची कथा दुःखाची आहे. पोलीस खात्यात साधी नोकरी, १९८४ मध्ये अपघाती मृत्यू, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. दिल्लीतील इंदिरा गांधी क्रीडा संकुलातल्या कुस्तीच्या सभागृहाला २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या निमित्ताने त्यांचे नाव मिळाले आणि त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जाऊ लागला. उशिरा का होईना, झाले हे चांगले झाले.

हेलसिंकीचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. तेथील ऑलिंपिक क्रीडागार १९४० च्या स्पर्धांसाठी बांधले गेले होते. महायुद्धामुळे त्या स्पर्धा झाल्याच नाहीत आणि बारा वर्षांनी त्या वास्तूचे भाग्य उजळले. तिच्या मनोऱ्याची उंची ७२ मीटर ७१ सेंटिमीटर इतकी नेमकी ठेवली आहे, कारण फिनलंडच्या मॅटी यार्विनेन या खेळाडूने १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये भाला तेवढ्या अंतरावर फेकून सुवर्ण जिंकले होते. एका खेळाडूच्या फेकीला त्या छोट्या देशाने दगडात उभे केले! मनोऱ्यावर चढणारा प्रत्येक शाळकरी मुलगा ती कथा ऐकतो. खाशाबांची कुस्ती त्या मुख्य क्रीडागारात न होता शहरातल्या दुसऱ्या सभागृहात झाली होती. तरीही युरोपच्या सहलीवर लाखो रुपये खर्चून जाणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी ज्यांची वाट त्या शहरातून जाते, त्यांनी खाशाबांचे नाव घेऊन तो मनोरा चढायला हरकत नसावी. फिनलंडने ती वास्तू स्पर्धा संपल्यावर मोडीत काढली नाही. चार वर्षे खपून तिची दुरुस्ती केली आणि २०२० मध्ये पुन्हा खुली केली.

आपल्याकडे वास्तूंचा अभाव नाही. त्या कोणाच्या, याविषयीची समज मात्र कच्ची आहे. जून २०२१ मध्ये बालेवाडी संकुलात मान्यवरांची एक बैठक होती. त्यांच्या मोटारी थेट धावपट्टीवर आणून उभ्या केल्या गेल्या. ज्या कृत्रिम पृष्ठभागावर खेळाडूंनी धावायचे, त्यावर टायर फिरले. छायाचित्रे सर्वत्र झळकली, टीका झाली, क्रीडा खात्याकडून दिलगिरी व्यक्त झाली आणि प्रकरण मिटले. पुढच्याच वर्षी, मे २०२२ मध्ये, दिल्लीच्या त्यागराज क्रीडागारात खेळाडूंना संध्याकाळी लवकर बाहेर काढले जात असल्याचे आणि एक वरिष्ठ अधिकारी तेथे आपल्या कुत्र्याला फिरवीत असल्याचे वृत्त आले. हे क्रीडागारही २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठीच बांधलेले. त्या अधिकाऱ्याची बदली लडाखला झाली, त्यावर लोक हसले आणि विसरले.

या दोन्ही घटना वरवर क्षुल्लक आहेत. त्यांत कोणी पैसे खाल्ले नाहीत, कोणाचा जीव गेला नाही. परंतु २०१० च्या दिल्लीतल्या कोट्यवधींच्या वादांपेक्षा या गोष्टी मनाला अधिक टोचतात. भ्रष्टाचार करणाऱ्याला आपण चूक करीत आहोत हे निदान ठाऊक असते. धावपट्टीवर मोटार उभी करणाऱ्याला ते ठाऊकच नव्हते. त्याच्या लेखी ती एक मोकळी, सपाट, सोयीची जागा होती. देवळाच्या गाभाऱ्यात पादत्राणे घालून जाऊ नये, हे आपल्याकडे लहान मुलालाही सांगावे लागत नाही. आखाड्यात उतरताना पैलवान मातीला हात लावून कपाळी लावतो. ही श्रद्धा जुन्या हनुमान मंदिरामागच्या तालमीत जिवंत राहिली आणि कोट्यवधी रुपयांच्या धावपट्टीपर्यंत येता येता कोठे तरी गळाली. तालीम गावाची होती. संकुल ‘शासनाचे’ आहे, म्हणजे कोणाचेच नाही.

म्हणूनच पहूरच्या मुलांनी बालेवाडी पाहिली पाहिजे. ती आपली आहे, हे त्यांना कळावे म्हणून.

यावर खानदेशातला एखादा व्यवहारी माणूस लगेच विचारील: पाहून काय करायचे? पहूरहून सिल्लोड, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर, शिरूर असा साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास, रात्रभर एस.टी.त अंग आखडून बसायचे. आणि तेथील धावपट्टी पाहून परत आल्यावर आमच्या पोराने धावायचे कोठे? कपाशीच्या सरीतून? हा प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही.

जळगाव जिल्ह्यात गुण नाही असे कोण म्हणेल? चाळीसगाव तालुक्यातील सायगाव बगळी या गावचा विजय चौधरी २०१४, २०१५ आणि २०१६ असा सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी झाला. पश्चिम महाराष्ट्राच्या तालमींचा ज्या गदेवर वारसाहक्क समजला जाई, ती खानदेशच्या शेतकऱ्याच्या मुलाने तीन वर्षे खाली ठेवली नाही. आज तो पोलीस दलात अधिकारी आहे. जामनेरला कुस्त्यांची दंगल भरते तेव्हा पंचक्रोशी लोटते आणि त्या गर्दीत त्याचे नाव अजूनही आदराने निघते. परंतु या मल्लाला घडण्यासाठी जिल्हा सोडून पुण्याची वाट धरावी लागली. सीमेवरच्या नंदुरबार-धुळ्यातल्या सातपुड्याच्या पाड्यांवरील मुले तर डोंगर चढूनच शाळेत जातात. नाशिकच्या सावरपाड्याची कविता राऊत अशीच डोंगरवाटांनी पाणी आणत, अनवाणी धावत मोठी झाली. तिला वेळेवर मार्गदर्शक भेटला. नंदुरबारच्या पाड्यावरच्या तिच्यासारख्या मुलीला तो भेटेल, याची खात्री कोण देणार?

राज्याने २००१ च्या क्रीडाधोरणात तालुक्या-तालुक्यांत क्रीडा संकुले उभारण्याचा संकल्प सोडला. संकल्प उत्तम होता. तालुका संकुलासाठीच्या निधीची मर्यादा २०२२ मध्ये एक कोटीवरून पाच कोटी रुपयांपर्यंत वाढवली, हेही योग्यच झाले. पण महाराष्ट्रातली पुष्कळशी तालुका संकुले पाहिली तर कुंपण, फाटक, उद्‌घाटनाची कोनशिला आणि एक कुलूपबंद सभागृह यांपलीकडे नजर ठरत नाही. पाच कोटींत भिंती होतात. प्रशिक्षक होत नाही. मैदानावर सकाळी साडेपाचला शिटी घेऊन उभा राहणारा माणूस कोणत्याही अंदाजपत्रकाच्या स्तंभात बसत नाही आणि खेळाडू तर त्याच्यामुळेच घडतो. बीड जिल्ह्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे शाळेसाठी रोज कित्येक किलोमीटर चालत-धावत जाई. त्याला संकुलाने शोधले नाही, सैन्याने शोधले. महार रेजिमेंटमध्ये भरती झाल्यावर त्याच्या पायांतले वेग ओळखले गेले आणि २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धांत तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत केनियाच्या धावपटूपेक्षा सेकंदाच्या वीसाव्या भागाने मागे राहून त्याने रौप्य मिळवले. १९९८ पासून त्या शर्यतीची तिन्ही पदके केनिया घरी नेत असे. सैन्याची नोकरी त्या मुलाने धरली नसती, तर तो आज कोठे असता, याचे उत्तर क्रीडाधोरणात नाही.

तेव्हा बालेवाडी की तालुक्याचे मैदान, असा वाद घालण्यात अर्थ नाही. पंढरपूर आहे म्हणून गावातले विठ्ठलमंदिर कोणी पाडत नाही. गावात विठ्ठल आहे म्हणून वारी थांबत नाही. मुलाला एकदा शिखर दिसले पाहिजे आणि रोज पायरी मिळाली पाहिजे. आज अडचण अशी की, शिखर पुण्याला आहे आणि पायऱ्यांना कुलूप आहे.

खानदेशाचा आणि मोठ्या क्रीडागारांचा आणखी एक धागा आहे, जो फारसा कोणाच्या ध्यानात नाही. दिल्लीचे जवाहरलाल नेहरू क्रीडागार १९८२ च्या आशियाई स्पर्धांसाठी बांधले गेले. त्याच ठिकाणी ३ ऑक्टोबर २०१० रोजी राष्ट्रकुल स्पर्धांचे उद्‌घाटन झाले, तेव्हा राष्ट्रपती म्हणून तेथे उभ्या होत्या बोदवड तालुक्यातील नाडगावच्या कन्या प्रतिभाताई पाटील. जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात असताना त्या टेबल टेनिसच्या नामांकित खेळाडू होत्या आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांतील ढाली त्यांनी जिंकल्या होत्या. पाचच दिवसांनी त्याच धावपट्टीवर कविता राऊतने दहा हजार मीटरचे कांस्यपदक मिळवले. राष्ट्रकुल स्पर्धांत धावण्याच्या शर्यतीत वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. त्या क्रीडागाराच्या इतिहासात घोटाळ्यांचे पान मोठे आहे, हे खरे. परंतु जळगावची माजी टेबल टेनिसपटू व्यासपीठावर आणि सावरपाड्याची मुलगी धावपट्टीवर, हे पानही त्यातच आहे. ते आपण वाचणार नसू, तर दोष कोणाचा?

त्या वेळी एक वाद रंगला होता. स्पर्धा खुल्या झाल्याची घोषणा कोणी करायची, ब्रिटनच्या राजपुत्राने की भारताच्या राष्ट्रपतींनी? शेवटी दोघेही बोलले. तत्पूर्वी वर्षभर आधी, ऑक्टोबर २००९ मध्ये, बकिंगहॅम राजवाड्यात राणीने आपल्या हाताने ‘बॅटन’ प्रतिभाताईंच्या हाती दिला होता. ज्या देशाने स्वातंत्र्यासाठी पिढ्या वेचल्या, त्याच्या राष्ट्रपतींनी राणीचा दंड स्वीकारण्यासाठी लंडनला जावे काय, हा प्रश्न अनेक स्वाभिमानी मनांना तेव्हा बोचला आणि तो गैर नव्हता. या स्पर्धांचा जन्मच १९३० मध्ये कॅनडातील हॅमिल्टन येथे ‘ब्रिटिश साम्राज्य क्रीडास्पर्धा’ या नावाने झाला. नाव बदलत गेले, साम्राज्य इतिहासजमा झाले, प्रथा मात्र मागे राहिल्या.

आता त्याच स्पर्धांची शताब्दी २०३० मध्ये अहमदाबादला साजरी होणार आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये ग्लासगो येथे त्यावर शिक्कामोर्तब झाले. साम्राज्याच्या खेळांचा शंभरावा वाढदिवस साम्राज्य नाकारणाऱ्या सरदारांच्या नावाच्या संकुलाभोवती, मोटेऱ्याच्या परिसरात व्हावा, यात काळाने घेतलेला सूड आहे असे म्हणायला जागा आहे. २०३६ चे ऑलिंपिकही भारतात व्हावे यासाठी भारतीय ऑलिंपिक संघटनेने २०२४ मध्ये इच्छापत्र दिले आहे. ही आकांक्षा अभिनंदनीय आहे. न्यूनगंडाने वाकलेली पिढी असे स्वप्न पाहूच शकली नसती.

खानदेशाच्या दृष्टीने यात एक साधा भूगोल आहे. जळगावहून तापीकाठच्या लोहमार्गाने सुरत आणि तेथून अहमदाबाद, हा प्रवास एका रात्रीचा आहे. अहमदाबाद-चेन्नई नवजीवन एक्सप्रेस जळगाववरूनच धावते. पाचोरा-जामनेर ही पहूरवरून जाणारी छोटी गाडी २०२० मध्ये टाळेबंदीत थांबली आणि मोठ्या रुळांच्या प्रतीक्षेत लोकांनी तिच्या आठवणी काढल्या. पण जळगाव स्थानक अजून तेवढेच जवळ आहे. आज पहूरच्या पाचवी-सहावीत असलेला मुलगा २०३० मध्ये सोळा-सतरा वर्षांचा असेल. तो त्या क्रीडागारात तिकीट काढून बसेल, दूरचित्रवाणीसमोर बसेल, की धावपट्टीवर उभा असेल, हे काही अंशी आजच ठरत आहे. अहमदाबादला नव्हे, जामनेर तालुक्यात.

मोठ्या क्रीडागारांवर होणारी टीकाही येथे ऐकून घेतली पाहिजे. मॉन्ट्रियल शहराने १९७६ च्या ऑलिंपिकसाठी क्रीडागार बांधले आणि त्याचे कर्ज फेडता फेडता २००६ साल उजाडले. अथेन्समध्ये २००४ च्या स्पर्धांसाठी उभारलेल्या कित्येक वास्तूंत पुढे गवत माजले. ज्या भूमीत ऑलिंपिक जन्मले, तिची ही गत! त्या मानाने बालेवाडी भाग्यवान म्हटली पाहिजे. येथे २०१९ च्या जानेवारीत ‘खेलो इंडिया’ युवा स्पर्धा झाल्या आणि महाराष्ट्राने ८५ सुवर्णांसह २२८ पदके घेऊन पहिला क्रमांक मिळवला. २०१८ ते २०२३ या काळात आंतरराष्ट्रीय टेनिसपटू येथे खेळले, २०२२ मध्ये महिलांच्या आशियाई फुटबॉल करंडकाचे सामने झाले. प्रबोधिनीची मुले तेथे आजही सराव करतात. वास्तू मेलेली नाही. तिच्यात आणि राज्याच्या दूरच्या तालुक्यांत रक्ताभिसरण तेवढे कमी आहे.

आणि एक प्रश्न आपल्या स्वतःच्या खेळांचा. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी ध्यानचंदांच्या हॉकीने जर्मनीला ८-१ असे नमवले, हे सर्वांना पाठ आहे. त्याच वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक बर्लिनला गेले होते आणि त्याने मल्लखांब, कबड्डी आदी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके जगासमोर केली होती, हे विदर्भाबाहेर किती जणांना ठाऊक आहे? परतंत्र देशातल्या तरुणांनी परमुलखात जाऊन, हात न पसरता, आपल्याजवळचे दाखवले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडागारात खो-खोचा पहिला विश्वचषक भरला, तेव्हा पुरुषांचा आणि महिलांचा, दोन्ही करंडक भारताने जिंकले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. ज्या खेळाला दोन खांब आणि मोकळी माती एवढेच लागते, तो खेळ आंतरराष्ट्रीय क्रीडागारात पोचला. खो-खोची ती माती पहूरच्या प्रत्येक शाळेत आहे. तिच्यावर विटा रचल्या जात नाहीत आणि लग्नाचे मंडप पडत नाहीत, एवढे पाहायचे काम पालकांचे व ग्रामपंचायतीचे आहे. त्याला मंत्रालयाची मंजुरी लागत नाही.

क्रीडा खात्याकडून मागणे एवढेच की, बालेवाडीच्या फाटकाशी शालेय सहलींसाठी एक मार्गदर्शक बसवावा. निवृत्त क्रीडाशिक्षक असला तर फारच उत्तम. राही कोणत्या केंद्रावर खेळली, स्वप्निल कोठे तासन्‌तास पडून राहायचा, २००८ चा ध्वज कोठे उभा होता, हे त्याने मुलांना सांगावे. सकाळच्या एका ठरलेल्या वेळी, प्रबोधिनीच्या सरावाला अडथळा न होता, बाहेरगावच्या मुलांना अनवाणी एक फेरी धावू द्यावी. ४०० मीटर. दीड-दोन मिनिटांचे काम आहे. त्या दोन मिनिटांत धावपट्टीचा स्पर्श पायांना जो धडा शिकवील, तो शंभर भाषणांनी शिकवता येणार नाही. आणि तळपायांनी ती पट्टी ओळखलेला मुलगा उद्या अधिकारी झाला तरी तिच्यावर मोटार घालणार नाही.

पहूरच्या शिक्षकांसाठी व्यवहाराच्या दोन गोष्टी. शालेय सहलींना एस.टी. भाड्यात ५० टक्के सवलत देते. दिवाळीनंतर जामनेर आगारात गाड्यांच्या मागणीचे अर्ज जातील, तेव्हा पुण्याच्या मुक्कामातली एक सकाळ मोकळी ठेवावी आणि संकुलाच्या कार्यालयाला मुख्याध्यापकांच्या सहीचे पत्र महिनाभर आधी पाठवावे. सिंहगडाहून उतरून देहूकडे जाताना बालेवाडी वाटेवरच आहे. पाण्याच्या घसरगुंड्या एक वर्ष राहिल्या तरी चालतील.